घरात गेलं की हात लावायचा नाही

१२ फेब्रुवारी, शनिवार

रुमालला उलटा केला! माझ्या डोळ्यांदेखत!

मी मॅडमच्या, म्हणजे आमच्या शेळीच्या, शिंगात अडकलेला फुग्याचा दोरा सोडवत होते. तेवढ्यात मागून आवाज — "बघा बघा, कसा झोपला!" वळून बघते तर घरमालक. ज्यांच्याकडे समारंभ, तेच. रुमाल त्यांच्या हातावर उताणा, तान्ह्या बाळासारखा, चारी पाय वर. भोवती माणसांचं कोंडाळं, सगळ्यांचे मोबाईल बाहेर. "किती शांत झाला हो! माया कळते मुक्या जिवाला," एक बाई म्हणाल्या.

माया कसली डोंबलाची! ससा उताणा केला की गार पडतो तो भीतीने. हललो की मेलो, एवढंच त्याला ठाऊक, म्हणून हलत नाही. अशा वेळी तोंड नाही बघायचं, छाती बघायची. रुमालची छाती अशी उडत होती की मलाच कसंतरी झालं. "द्या इकडे," म्हटलं आणि घेतला. विचारलंबिचारलं नाही.

घरमालक हसले. छान हसतात, दात एका मापाचे. "अहो, मी काय खाणार होतो का त्याला?" सगळे हसले. मीही हसले. धंदा आहे! समारंभांना प्राणी न्यायचे म्हणजे हसावं लागतंच.

रुमाल अजून खात नाही. गाजराकडे पाठ करून बसलाय. नवरा म्हणाला, "झोप आता, सकाळी खाईल." त्याचं काय जातंय. तो गाडी चालवतो, कुंपण ठोकतो, लेंड्या झाडतो. प्राण्यांची आणि पोरांची मनं सांभाळायची ती मी.

१३ फेब्रुवारी, रविवार

रुमालने सकाळी पालक खाल्ला. जीव भांड्यात पडला.

काल रागाच्या भरात एक गोष्ट लिहायचीच राहिली. त्या घरात एक पोरगी आहे, घरमालकांचीच. पाच-सहा वर्षांची, काडीसारखी, क्षणभर एका जागी ठरत नाही. मी मनात नाव ठेवलं — मुंगी. आली ती थेट बटणचे कान धरून! बटण आमची काळी ससुली, आधीच भित्री. सुटली आणि खोक्यात शिरली. मुंगी मागोमाग आत हात घालायला निघाली. मुलाचा हात मी कधी धरत नाही. खोक्याच्या दारात माझाच हात आडवा ठेवला.

"हे तिचं घर. घरात गेलं की हात लावायचा नाही."

"का?"

"तिला नको असेल म्हणून."

"पण मला हवंय."

"असू दे की. तुला हवंय, तिला नकोय. आता?"

विचारात पडली. "मग मी काय करू?"

"ओढायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. वाट बघायची."

"आणि आलीच नाही तर?"

"तर नाही आली."

"मोठ्या माणसांनी बोलावलं तरी?"

"तरी."

"राजाने बोलावलं तरी?"

"राजाला सांगायचं — घरी जा!"

या वाक्याला पोरं हमखास खिदळतात. ही हसली नाही. खोक्यासमोर मांडी घालून बसली ती बसलीच. तिकडे केक कापला, टाळ्या झाल्या, हिला पत्ता नाही. शेवटी बटण बाहेर आली आणि तिच्या गुडघ्यावर पुढचे दोन पाय ठेवून उभी राहिली. पोरीने श्वास रोखून धरला. मग माझ्याकडे बघून, आवाज न करता, नुसते ओठ हलवून म्हणाली — "आली!"

अशा वेळी वाटतं, चारा महाग होवो नाहीतर गाडीचा पाटा तुटो, हे काम सोडायचं नाही.

तिची आई सगळा वेळ दाराशी उभी. कडक इस्त्रीचे कपडे आणि चेहऱ्यालाही इस्त्री. आणि गंमत म्हणजे, स्वतःच्या घरात, घरचंच कार्य, आणि बाईच्या खांद्याला पर्स! कुठे निघाली होती कोण जाणे. मी आपलं म्हटलं, "तुमची मुलगी फार गोड आहे हो." तर "हो," एवढंच. पाहुण्या बायका आपसात म्हणत होत्या, "किती शांत स्वभाव!" शांत कुठली, शिष्ट. इस्त्रीबाई!

१६ फेब्रुवारी, बुधवार

इव्हेंटवालीचा फोन. आमची निम्मी कामं तिच्याकडून येतात, त्यामुळे तिचा आवाज ऐकला की नवरा खुर्चीतून उठून उभा राहतो. म्हणाली, "ताई, हल्ली पालकांना नुसती मजा नको असते. शिक्षण हवं! वाढदिवसाला प्राणी आणले की मुलं काय शिकतात, त्याचे पाच मुद्दे द्या ना लिहून. पत्रक छापते."

बसले लिहायला. "१. मुलांमध्ये सहानुभूतीचा विकास होतो." वाचून मलाच जांभई आली. खोडलं. "१. कोंबडी चार्जिंगवर चालत नाही हे मुलांना कळतं." नवरा म्हणे, हे छापायची नाही ती. सासूबाईंनी विणकामातून मान वर केली — "लिही की, पोरं दोन तास आयांना छळत नाहीत. एका दिवसात पत्रकं संपतील!"

खरं काय शिकतात? बोटं मिटून तळवा सपाट धरला की मॅडम चावत नाही. पळत गेलं की सगळे पळतात, बसलं की जवळ येतात. पण याला मुद्दा कसा म्हणायचा?

२६ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा त्याच घरी. घरमालकांच्या पुतण्याचा वाढदिवस. आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवते. उद्या माझं मलाच वाटेल, उगाच राईचा पर्वत केला.

मुंगी फाटकाशीच उभी होती. गाडी थांबायच्या आत — "बटण आलीय? रुमाल आलाय? घरं आणलीत?" घरं म्हणजे खोके. ते मांडायला तिनेच मदत केली, आणि मग सगळ्यांवर दादागिरी! कोंबड्यांच्या खोक्यात हात घालणाऱ्या एका जाडजूड काकूंना म्हणाली, "हात काढा. तिघी जावा घरात आहेत." तिघी जावा म्हणजे आमच्या कोंबड्या; काकूंचं तोंड बघण्यासारखं झालं. लहान पोरांना तर शिकवणीच — "ओढायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, वाट बघायची." माझं वाक्य, शब्दाला शब्द. कोपऱ्यात रडत बसलेला एक छोटू तिचं ऐकून सपाट तळवा घेऊन मॅडमसमोर गेला आणि चारा संपेपर्यंत हलला नाही. मला वाटलं, पाच मुद्दे कशाला, हिलाच पत्रकावर छापा.

मग मला विचारते, "मावशी, यापेक्षा मोठं घर नसतं का?" मॅडमच्या खोक्यापाशी उभी होती. सगळ्यात मोठा तो, फळ्यांचा, पोर आरामात आत बसेल एवढा.

"मॅडमला पुरतो की!"

"मॅडमला नकोय."

"मग कुणाला? हत्तीला?"

हात वर करून दाराची उंची मापत राहिली. मला हसू आलं तेव्हा.

मग केक झाला. घरमालकांनी हाक मारली, "चला, आता आमची लेक गाणं म्हणणार!" पाहुणे गोल करून उभे. मुंगी आली नाही. पुन्हा हाक. तर ही मॅडमच्या खोक्यात शिरली, गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि आतून म्हणाली, "मी घरात आहे. हात लावायचा नाही."

हशा! सगळे हसले. घरमालक सगळ्यांत जास्त. "बघा, काय काय शिकवतात हे प्राणीवाले!" म्हणत खोक्याशी आले, वाकले. मी दोन हातांवर होते, मॅडमची दोरी धरून. मी ऐकलं.

"एक," म्हणाले. बस्स. एवढंच. हसतच.

पोरगी बाहेर आली. दोन म्हणायच्या आत. फ्रॉक झटकला, जाऊन उभी राहिली आणि सगळं गाणं म्हटलं. एक शब्द चुकली नाही. हात अंगाला चिकटलेले, पापणीसुद्धा हलत नव्हती. "किती गुणी!" टाळ्या.

मी तिच्या छातीकडे बघत होते. रुमाल! हुबेहूब रुमाल!

आणि आई? दाराशी. पर्स खांद्याला, चेहरा कोरा. आपली पोर अशी दगड होऊन गातेय आणि बाई ढिम्म! एवढी चीड आली मला.

२७ फेब्रुवारी, रविवार

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "बाप पोरीला 'एक' म्हणाला. बरं. माझा बाप मला दगड मारायचा." मग जरा वेळाने, "अगं, आपण प्राणी सांभाळायचे. माणसं सांभाळायला गेलो तर दोन्ही जातील."

सासूबाई म्हणाल्या, "दोननंतर काय असतं ते बघायला हवं."

ते वाक्य डोक्यातून जात नाही. दोननंतर काय असतं?

२ मार्च, बुधवार

राहवलं नाही. इस्त्रीबाईला फोन केला. नंबर होता, पहिल्या वेळी केकची वेळ कळवायला तिनेच दिला होता. चार वाक्यं पाठ करून ठेवली होती. म्हटलं, "मी ससेवाली. रागावू नका. त्या दिवशी तुमची मुलगी खोक्यात गेली तो खेळ नव्हता. पोर घाबरलीय, मला—"

"राँग नंबर," म्हणाली आणि ठेवला.

राँग नंबर! माझा आवाज ओळखून, माझं सगळं ऐकून — राँग नंबर! मोठ्या घरची बाई, आमच्यासारखीने तिला पोर कशी वाढवायची सांगायचं म्हणजे काय! जळली मेली ती इस्त्री!

३ मार्च, गुरुवार

झालं! इव्हेंटवाली कडाडली. "ताई, तुम्ही त्यांच्या घरी फोन का केलात? साहेबांनी मला विचारलं, प्राणीवालीचं माझ्या बायकोकडे काय काम?" मी थातुरमातुर सांगितलं — मुलीच्या वाढदिवसाला कोणते प्राणी हवेत ते विचारत होते.

म्हणजे त्या बयेने जाऊन नवऱ्याला सांगितलं! चुगली केली! आता तो मुंगीला काय म्हणाला असेल? "खोक्याबद्दल कुणाला काय सांगितलंस?" असं? मी चांगलं करायला गेले आणि पोरीच्या अंगावर शेकवलं की काय? बटणला खायला घालताना अर्धा चारा वाडग्याबाहेर सांडला.

आणि पुढचं ऐका. येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी मुंगीचा वाढदिवस. काम आम्हालाच, पण एक अट. इव्हेंटवालीचे शब्द — "ते खोके आणायचे नाहीत. साहेब म्हणाले, प्राणी लपून बसतात, फोटो येत नाहीत, आणि मुलांना नको त्या सवयी लागतात."

नको त्या सवयी!

मी म्हटलं, घरं नाहीत तर प्राणी नाहीत. गेली इतकी वर्षं एकही जनावर मी बिनघराचं उतरवलेलं नाही. ती म्हणाली, "विचार करा ताई. दुसरे आहेत माझ्याकडे. एकजण तर माकड आणतो." फोन ठेवला.

५ मार्च, शनिवार

आज काम नव्हतं. मुलांच्या मदतीसाठीचा नंबर असतो तो फिरवला. बाई चांगली होती, घाई न करता बोलली. "काय पाहिलंत तुम्ही?"

"तो 'एक' म्हणाला."

"आणि?"

"आणि ती खोक्यातून बाहेर आली."

स्वतःच्या कानांनी ऐकताना किती पोकळ वाटलं! मारलं का, नाही. ओरडला का, नाही. काही खूण दिसली, नाही. तरी तिने टिपून घेतलं. म्हणाली, "लक्ष ठेवा. काही दिसलं तर लगेच फोन करा. आणि त्या माणसाशी भांडू नका, त्याचा राग घरात निघतो."

लक्ष ठेवायला तिथे जायला तर हवं ना!

७ मार्च, सोमवार

जायचं ठरवलं. इव्हेंटवालीला "बरं" कळवलं. ती खूश — "शहाण्या आहात ताई. आणि ते पाच मुद्दे?"

सासूबाईंनी जुने पलंगपोस काढून दिले. खोक्यांवर घालायचे, वर चाऱ्याचे वाडगे. विचारलं तर टेबलं आहेत! नवरा बघत होता. मला वाटलं आता सुनावणार. तर म्हणाला, "मॅडमच्या खोक्याला दोन लागतील. एकाने दार झाकत नाही."

१२ मार्च, शनिवार

क्रमाने लिहिते.

मुंगी फाटकाशी नव्हती. आत गेलो तर कडक फुगीर फ्रॉकमध्ये, बापाचं बोट धरून उभी. मी हात हलवला. तिने बापाकडे बघितलं, मग हात हलवला. बटण आलीय का, रुमाल आलाय का — काही नाही. मला रडूच यायला लागलं.

घरमालक येऊन कुंपणाभोवती फिरले. "छान! आता कसं मोकळं वाटतंय." वाडग्यातला चारा चिमटीत घेऊन पाहिला. पलंगपोसाला हात लावला नाही. नवरा तिथे फळी ठोकत होता, ठोकलेलीच पुन्हा ठोकत होता.

मुलं आली. गडबड सुरू झाली. मुंगी हळूहळू सरकत कुंपणात आली, वाडग्यापाशी बसली आणि पलंगपोसाचं टोक बोटभर उचललं. आत बटणचं नाक! टोक सोडलं. माझ्याकडे बघितलं. तोंडावर काही दाखवलं नाही पोरीने, पण दोन्ही तळवे जमिनीवर सपाट ठेवून बसली, मॅडमला चारा देताना ठेवतात तसे. कळलं मला. हुशार ती! दाराशी इस्त्रीबाई. पर्ससकट.

फोटोवाला म्हणाला, साहेब, एक फोटो प्राण्यासोबत. आणि त्यांनी रुमालला उचललं. मी कुंपणाच्या पलीकडे, मध्ये दहाबारा पोरं. पोचेपर्यंत उताणा केलासुद्धा. "बघा, माझ्या हातात कसा झोपतो!"

"बाबा, तो झोपला नाहीये."

एवढासा आवाज. पण सगळ्यांनी ऐकला.

"झोपलाय गं. बघ ना किती शांत आहे."

"तो घाबरलाय. घाबरलं की असं शांत होतात. हलत नाहीत. बोलत पण नाहीत."

पाहुण्यांत कुणीतरी हसायला गेलं आणि मधेच थांबलं. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. घरमालक हसतच होते. ते हसू मला मेलं तरी विसरता येणार नाही.

"एक," म्हणाले.

मुंगी हलली नाही. एका हाताने पलंगपोस घट्ट धरलेला. मी मनात म्हणत होते — जा आत, जा गं, मी उभी आहे ना दारात!

"दोन."

पण दोन म्हणताना त्यांनी मुंगीकडे पाहिलंच नाही. मान वळवून दाराकडे पाहिलं. दाराशी तर नुसती इस्त्रीबाई. आणि पोर लगेच उठली, धावत गेली — "सॉरी बाबा सॉरी बाबा झोपलाय तो झोपलाय!" — एका दमात. मी रुमाल ओढून घेतला, अक्षरशः ओढून. "त्याची खायची वेळ झाली," म्हटलं. काय बोलले देव जाणे. मदतीच्या नंबरवरची बाई भांडू नका म्हणाली होती म्हणून, नाहीतर शिंगं लावली असती मॅडमआधी मीच!

केक, गाणं, टाळ्या. सगळं झालं. सगळे पुन्हा हसायला लागले. माणसं किती पटकन हसायला लागतात!

सामान भरताना मागच्या बोळात इस्त्रीबाई समोर आली. एकटी. माझा तोल गेला. म्हटलं, "तुम्ही आई आहात की खांब? पोर तुमच्या डोळ्यांसमोर भीतीने गारठते आणि तुम्हाला हलता येत नाही? बोलता येत नाही?"

ती हलली नाही. बोललीही नाही. नुसती उभी, पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून. मग अगदी हळू म्हणाली, "तुमची गाडी मागच्या फाटकाने जाते का?"

म्हणजे मला सांगतेय, मागच्या दाराने चालत्या व्हा! एवढं ऐकून घेऊन हे! म्हटलं, "हो, आमची सगळी वरात मागच्याच फाटकाने जाते. तुमचं पुढचं लखलाभ!" आणि धाडकन दार लावलं गाडीचं.

दगड बाई. दगड!

१३ मार्च, रविवार

मदतीच्या नंबरावर सगळं सांगितलं. एक, दोन, सगळं. त्या बाईने आधी सगळं टिपून घेतलं. मग विचारलं, "दोन म्हणताना त्याने कुणाकडे पाहिलं म्हणालात?" सांगितलं — दाराकडे. "तिथे कोण होतं?" म्हटलं, कुणी नाही, आई. "हं," म्हणाली. उद्या-परवा त्यांच्याकडून कुणीतरी त्या घरी जाऊन येईल म्हणाली. उद्या-परवा! तोवर?

रुमाल खात नाही. मांडीवर घेऊन बसले. नवऱ्याने न सांगता चहा आणून दिला. म्हणाला, "पोरगी जिगरबाज आहे."

इव्हेंटवालीचे तीन फोन, उचलले नाहीत. शेवटी मेसेज — "साहेब नाराज आहेत. आपण नंतर बोलू. पण मुद्दे तरी पाठवा, छपाई अडलीय."

१४ मार्च, सोमवार

मुद्दे पाठवले. पाच नाही, एकच. "प्राण्यांच्या सहवासात मुलं शांत असणं आणि घाबरलेलं असणं यातला फरक ओळखायला शिकतात. मोठ्यांना तो शिकवता येत नाही, वेळ गेलेली असते."

उत्तर आलं — "जरा आनंदी लिहा ना ताई."

रुमालने दोन पानं खाल्ली.

१५ मार्च, मंगळवार

आत्ता फोन आला. अनोळखी नंबर, कुजबुजता आवाज. "ससेवाल्या मावशी ना?" इस्त्रीबाई! "तुमच्याकडे मोठं घर आहे का?"

मी खेकसूनच विचारलं, "केवढं मोठं?"

"मला आणि मुलीला बसता येईल एवढं. हे बाहेर गेलेत. आम्ही मागच्या फाटकाशी उभ्या आहोत."

ससे ओळखते मी! छाती बघून ओळखते! आणि तिला दगड म्हणाले! दोन म्हणताना तो कुणाकडे बघत होता आणि ती पर्स कशासाठी होती, ते आत्ता कळलं.

सासूबाई पुढची खोली रिकामी करतायत. आतली कडी लावून पाहिली, नीट लागते. नवरा हॉर्न वाजवतोय. पिंजरे उतरवायला वेळ नाही, तिघी जावांसकट निघालो.